अंगातले लोह, रक्तातली साखर

बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवाळी सरली की उसाने लादलेल्या गाड्यांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. एवढे साखर कारखाने या दोन तालुक्यांत उभे राहिले. कोणत्या कारखान्याने किती पोती साखर काढली आणि उतारा किती पडला, हे पारावर बसलेला म्हाताराही तोंडपाठ सांगतो. स्वतःच्या रक्तात किती साखर आहे असे विचारले, तर मात्र तो हसून विषय बदलतो.

मधुमेह म्हटला की सारे बोट साखरेकडे दाखवतात. उसाच्या मुलखात तर ते साहजिकच आहे. कारखान्याच्या शेजारी राहिल्याने कुणाला मधुमेह होत नाही. वाढते वजन, बैठे काम, वय आणि आईबापांकडून आलेला वारसा ही त्याची कारणे वाचकांनी दहा वेळा वाचली असतील. त्यांची उजळणी येथे करायची नाही. ज्या वस्तूविषयी सांगायचे आहे तिच्यावर घरात कुणाचा संशय जात नाही. उलट ती औषध म्हणून चमच्याचमच्याने पाजली जाते. ती वस्तू म्हणजे लोह.

एक घर डोळ्यांपुढे आणा. त्याचा एक पाय निमगाव केतकीच्या मळ्यात, दुसरा पुण्यात नोकरीच्या गावी. सुनेला जिना चढताना धाप लागते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेनऊ. शाळेत जाणाऱ्या मुलीचे दहा. बावन्न वर्षांच्या दादांना गेल्या साली ‘साखर निघाली’. पोट थोडे सुटलेले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आजींची पाळी जाऊन वीस वर्षे झाली. आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर लाल टॉनिकची बाटली आहे. ती आणली सुनेसाठी. पण “तुम्हीही घ्या हो दोन चमचे, किती थकलात!” असे म्हणून ती दादांना मिळते, आजींनाही मिळते, आणि सून मात्र कामाच्या धांदलीत विसरते. ज्याला हवे त्याला कमी आणि ज्याला नको त्याला जास्त, असे हे वाटप!

असले घर अपवादात्मक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा देशातल्या मधुमेही माणसांची संख्या १० कोटींवर गेलेली दिसली. एकाच देशात, एकाच तालुक्यात, पुष्कळदा एकाच पंगतीत हे दोन्ही रोग शेजारी शेजारी बसलेले आहेत. म्हणून लोहाची ही गोष्ट आपल्याला जितकी लागू, तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाला लागू असेल.

बाहेर जायला दार नाही

धडधाकट माणसाच्या अंगात एकूण लोह असते तीन ते चार ग्रॅम. म्हणजे एखाद्या मध्यम खिळ्याइतके. त्यातला मोठा भाग रक्तातल्या तांबड्या पेशींत प्राणवायू वाहण्याच्या कामी लागलेला असतो. जे उरते ते यकृत वगैरे ठिकाणी फेरिटिन नावाच्या प्रथिनात कोठारात ठेवल्यासारखे राहते. या कोठाराची चाहूल रक्तातल्या फेरिटिनवरून लागते.

आता शरीराची एक गंमत पाहा. मीठ जास्त झाले तर ते लघवीवाटे जाते, पाणी जास्त झाले तर तेही जाते. लोहाला मात्र बाहेर जायला दारच नाही! कातडीच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यांबरोबर दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम जाते, तेवढेच. म्हणून शरीराने पहारा बसवला आहे तो आत येण्याच्या दारावर. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे द्रव्य हा तो पहारेकरी. कोठार भरले की तो आतड्याचे दार आवळतो, रिकामे झाले की सैल सोडतो. या पहारेकऱ्याचा शोध लागला अगदी अलीकडे, २००० सालच्या आसपास.

बाईला मात्र खर्चाची एक वाट आहे. दर महिन्याची पाळी आणि दर बाळंतपण. एका गर्भारपणाला सुमारे एक ग्रॅम लोह लागते, म्हणजे अंगातल्या सगळ्या लोहाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. पुरुषाला असा खर्च नाही. आणि पाळी गेल्यावर बाईलाही तो उरत नाही. त्यामुळे पुरुषाचे कोठार विशीनंतरच भरू लागते आणि बाईचे पन्नाशीनंतर. मधुमेह डोके वर काढतो तोही साधारण याच वयात. वय सगळ्याच रोगांना बोलावते, तेव्हा एवढ्यावरून कुणावर आरोप ठेवता येणार नाही. पण संशयाला जागा आहे, आणि त्याला दीडशे वर्षांचा पुरावाही आहे.

काशाच्या रंगाचा मधुमेह

१८६५ साली पॅरिसच्या त्रूसो या नामांकित डॉक्टरने एका मधुमेह्याची हकीकत लिहून ठेवली. त्या माणसाचे यकृत कठीण झालेले होते आणि कातडीवर काळसर तांबूस झाक चढली होती. पुढे फ्रान्समध्ये असेच आणखी रोगी सापडले आणि रोगाचे नाव पडले ‘काशाच्या रंगाचा मधुमेह’. १८८९ मध्ये फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की या लोकांच्या अवयवांत साठलेले द्रव्य लोहयुक्त आहे. १९३५ साली शेल्डन या इंग्रज डॉक्टरने अशा ३११ रोग्यांची टाचणे एकत्र केली आणि हा दोष जन्मजात असावा असा निष्कर्ष काढला. तो बरोबर ठरला: १९९६ साली त्यामागचा जनुक सापडला. या लोकांचा पहारेकरीच अधू असतो. दार सताड उघडे राहते, लोह वर्षानुवर्षे आत येत राहते आणि यकृताबरोबर स्वादुपिंडातही रुतून बसते.

युरोपात आढळणारा तो मुख्य दोष आपल्या लोकांत अगदी विरळा. पण महाराष्ट्रात हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने पाहायला मिळते. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. ते औषधाने काढले नाही तर हृदय आणि यकृत बिघडते, आणि कित्येकांना ऐन तारुण्यात मधुमेह होतो. ना वजन जास्त, ना गोडाची आवड! हे लोह लघवीवाटे बाहेर काढणारी डेफेरिप्रोन नावाची तोंडाने घेण्याची गोळी जगात पहिल्यांदा विक्रीला आली ती १९९०च्या दशकाच्या मध्यास, आपल्या भारतात, आणि ती बनवली मुंबईच्या कंपनीने. त्याआधी या मुलांना रात्र रात्र पोटावर सुई लावून औषध घ्यावे लागे. आपल्याकडच्या या गोष्टीचा आपल्यालाच फारसा पत्ता नाही.

तेव्हा लोहाचा फार मोठा साठा मधुमेह करतो, याबद्दल वाद नाही. का करतो तेही बरेचसे उलगडले आहे. उघडे लोखंड ओलाव्यात गंजते हे आपण नांगराच्या फाळावर पाहतो. पेशीत मोकळे सुटलेले लोह याच धर्तीचा उपद्रव करते; त्यातून अतिशय जहाल, आसपासच्या सगळ्याला डागणारे कण निर्माण होतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींजवळ या डागण्यांपासून संरक्षण करणारी साधने मुळातच तोकडी असतात. दुसरीकडे यकृतात लोह वाढले की यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. म्हणजे एकीकडे इन्सुलिन कमी आणि दुसरीकडे असलेल्याचा अंमल कमी.

परिचारिकांचे रक्त

खरा प्रश्न पुढेच आहे. ज्यांना असला कोणताही रोग नाही, ज्यांचे कोठार नुसते काठोकाठ भरलेले आहे, अशा तुमच्या-आमच्यासारख्यांचे काय?

अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा एक प्रचंड अभ्यास वर्षानुवर्षे चालू होता. त्यातल्या ३२,८२६ जणींनी १९८९-९० मध्ये रक्ताचे नमुने दिले होते. पुढच्या दहा वर्षांत त्यांपैकी ६९८ जणींना मधुमेह झाला. मग जुने नमुने काढून पाहिले, तेव्हा ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांचे फेरिटिन सरासरी १०९ होते आणि तशाच, पण निरोगी राहिलेल्या बायकांचे ७१. वजनाचा, खाण्यापिण्याचा हिशेब वजा केला तरी सर्वांत भरलेल्या कोठाराच्या बायकांना धोका दुपटीहून जास्त भरला. हा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९८ साली फिनलंडमधल्या पुरुषांतही असेच दिसले होते.

वाचून पुष्कळांना वाटेल की सापडला चोर! पण वाचकहो, जरा थांबा. फेरिटिन हा कोठाराचा आरसा असला, तरी तो सरळ आरसा नव्हे. अंगात कुठेही सूज, जंतुसंसर्ग किंवा यकृतावर चरबी असली तरी फेरिटिन वाढते, मग कोठारात लोह असो वा नसो. आणि यकृतावरची चरबी तर मधुमेहाची सख्खी बहीण. शिवाय रक्तात इन्सुलिन जास्त झाले की पेशी लोह अधिक ओढून घेतात. म्हणजे कोण कुणाला ढकलतो आहे हेही एका नजरेत कळत नाही.

याची कसोटी म्हणून रक्त काढून पाहिले गेले. स्पेनमध्ये २००२ साली फेरिटिन वाढलेल्या मधुमेह्यांचे थोडे थोडे रक्त काढले, तेव्हा त्यांचे इन्सुलिन अधिक चांगले काम करू लागले. पण यकृतावर चरबी असलेल्यांवर ऑस्ट्रेलियात असाच प्रयोग केला, त्याचा निकाल २०१५ साली आला: विशेष फरक नाही. रक्तदान करणाऱ्या अमेरिकन पुरुषांतही मधुमेह काही कमी आढळला नाही. प्रस्तुत लेखकाला यावरून वाटते ते असे: भरलेले कोठार हा मधुमेहाचा एकटा गुन्हेगार नाही, पण तो गुन्ह्याच्या जागी नेहमी हजर असतो आणि थोडाफार हातही लावतो. तेव्हा ज्याचे कोठार भरलेले आहे, त्याच्या तोंडात मुद्दाम लोह ओतणे शहाणपणाचे नाही.

बारीक अंगकाठी, लपलेली चरबी

आपल्याकडे यात एक पेच आहे आणि तो पुण्यातच उलगडला गेला. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३-९४ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गर्भार बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यांना दिसले की आपली बाळे वजनाने हलकी असतात, पण त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण मात्र कमी नसते. पुढे २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापले. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबांची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! आपण आरशात पाहून ‘मी तर काटकुळा’ म्हणतो त्याला काही अर्थ नाही, हे त्या एका चित्राने जगाला पटले.

असल्या लपलेल्या चरबीने फेरिटिन वाढते. म्हणून निमगावच्या दादांचे फेरिटिन तीनशे निघाले, तर ‘भाकरी सोडा, पालक सोडा’ असे सांगण्यात हशील नाही. आधी पोट उतरवायला हवे. कोठार खरेच भरले आहे की नुसती यकृताची बोंब आहे, हे ट्रान्सफेरिन किती टक्के भरले आहे या दुसऱ्या तपासणीवरून डॉक्टरांना ताडता येते.

याज्ञिकांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. त्या गर्भार बायकांपैकी दोन-तृतीयांश जणींत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे आपल्या शाकाहारी घरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ब-१२ कमी पडले तरी रक्त कमी होते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतले तर त्यानेही ब-१२ घटते. मग मधुमेही आजी फिकट दिसू लागतात, घरचे लोहाच्या गोळ्या आणतात, आणि कमी असते ते भलतेच!

गूळ, डाळिंब आणि लोखंडी काहील

१८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा या भागात आला, त्यामागोमाग ऊस आला आणि गुऱ्हाळे आली. रस आटवायची ती भली थोरली लोखंडी काहील पाहिली की गुळात लोह उतरत असणार हे पटते, आणि ते खरेही आहे. पण किती? शंभर ग्रॅम गुळात चार-साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. जेवणानंतर तोंडात टाकायच्या वीस ग्रॅमच्या खड्यात एक मिलिग्रॅमही नाही. त्यातले अंगी लागते ते दहाव्या हिश्शाहून कमी. आणि त्याबरोबर सतरा-अठरा ग्रॅम साखर पोटात जाते. ज्याला मधुमेह आहे आणि रक्तही कमी आहे, त्याने रक्तासाठी गूळ खावा यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही.

इंदापूरकडचे डाळिंब पाहून डोळे निवतात. त्याचा रंग रक्तासारखा, म्हणून ते रक्त वाढवते अशी समजूत. तो रंग लोहाचा नव्हे. डाळिंबात लोह अगदी नाममात्र. त्याच तालुक्यातला पेरू मात्र दिसतो साधा, पण त्यातल्या क-जीवनसत्त्वामुळे जेवणातले लोह अंगी लागायला चांगली मदत होते. भाकरीबरोबर लिंबू पिळले तरी तेच काम होते. आणि जेवून उठल्याबरोबर घेतलेला चहा नेमके उलटे करतो. सुनेने चहा तासाभराने घेतला तर तिच्या गोळीचे चीज होईल.

कालव्याचे पाणी जिथे पोचले नाही त्या सुप्याकडच्या कोरड्या पट्ट्यात पूर्वापार बाजरी पिकते. बाजरीत लोह बऱ्यापैकी असते. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीकसंस्था यांनी मिळून काढलेल्या ‘धनशक्ती’ वाणात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम असते. दादांनी ही भाकरी भिऊन सोडायचे कारण नाही. धान्यातले लोह पहारेकऱ्याच्या हुकमाबाहेर जात नाही.

लोखंडी कढईचेही तसेच. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी भांड्यांत आंबवलेली देशी बिअर रोज पिणाऱ्या माणसांच्या यकृतांत लोहाचे ढीग साठत आणि त्यांतल्या कित्येकांना मधुमेह होई. पण ते आंबट पेय ढोसण्याचे प्रमाण कुठे आणि आपल्या कढईतली मेथीची भाजी कुठे! मांसातले लोह मात्र आतड्यातून सहज आत शिरते. तांबड्या मांसाचा रोजचा रतीब आणि मधुमेह यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

तीन महिन्यांची साखर फसते तेव्हा

आता एक अशी गोष्ट, जी पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी करतात, तिच्यात तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे ते मोजतात. लोह कमी असले की नव्या पेशी सावकाश तयार होतात, जुन्या अधिक दिवस रक्तात फिरतात आणि त्यांना साखर चिकटायला अधिक वेळ मिळतो. आकडा वाढतो. रक्तक्षयी सुनेचा आकडा ६.६ आला, तर तिला मधुमेह झालाच असे नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी, लोह भरून काढावे, मग पुन्हा मोजावे. नाही तर जिला लोहाची गोळी हवी तिला मधुमेहाची गोळी सुरू व्हायची.

सरकारच्या दारीही हा तोल सांभाळण्याचा वाद चालला. शिधावाटपाचा तांदूळ लोहमिश्रित करण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तो देशभर पोचला. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अनुरा कुर्पाड आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर हरकत घेतली: ज्यांना गरज आहे त्यांना गोळी द्या, सरसकट सगळ्यांच्या ताटात लोह कशाला? ज्या मुलांचे फेरिटिन अधिक त्यांच्यात साखर आणि रक्तदाब वाढलेले असण्याचा संभव अधिक, असे त्यांनी दाखवले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की तपासणीची वाट पाहत बसले तर कोट्यवधी बायका तशाच राहतील. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. मला स्वतःला पहिली पटते, पण ती पटण्यासाठी गावोगाव रक्त तपासण्याची सोय हवी ही अट दृष्टीआड करता येत नाही.

दादांच्या फेरिटिनची धास्ती घेऊन मुलीच्या शाळेतली निळी गोळी मात्र कुणी बंद करू नये. आठवड्याला एक मिळणारी ती गोळी तिच्या वयाला लागणारा खर्च कसाबसा भागवते; तिच्या बाबतीत कोठार भरून वाहण्याचे भय नाही.

आणि त्याच रस्त्यावर, उसाच्या गाड्यांच्या मागे, आणखी एक बाई आहे. बीड, आष्टी, पाटोद्याकडून नवऱ्याबरोबर आलेली, कारखान्याच्या माळावर कोपी घालून राहणारी, पहाटे चारला फडात शिरणारी. गर्भार असली तरी डोक्यावर मोळी असते. तिच्या नावाची नोंद गावच्या आरोग्यसेविकेच्या वहीत, लाल गोळ्यांची पाकिटेही तिकडेच, आणि ती पट्टा पडेपर्यंत चार-पाच महिने इकडे.